कोकणात राहून दूरस्थ एमसीए करताय? या चुका टाळा

‘आपल्या गतीने शिका’ हे वाचून मी एमसीएला, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला आणि पहिल्याच सहामाहीत मागे पडलो. सवड मिळेल तसा अभ्यास करायचा, एवढंच मी ठरवलं होतं. सवड मिळालीच नाही. गती आपल्या हातात असते, पण लागणारे तास कमी होत नाहीत.

म्हणून आधी तासांचा हिशेब करा. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, एमसीएला 80 श्रेयांक आहेत आणि एका श्रेयांकाला साधारण 30 तासांचा अभ्यास धरलेला आहे, म्हणजे 2400 तास. दोन वर्षांत उरकायचं तर आठवड्याला 23 तास, चार वर्षांची पूर्ण मुदत घेतली तर साडेअकरा. आता आपल्याकडचं वर्ष त्यावर मांडून बघा. शिमगा, एप्रिल-मेचा आंबा, जुलैतली लावणी, गणपती, ऑक्टोबरातली भातकापणी. ज्याच्या घरी कलमं आणि शेती दोन्ही आहे, त्याचे वर्षाला दहा आठवडे तरी असेच जातात. मग चार वर्षांत 168 आठवडे उरतात आणि साडेअकराचे सव्वाचौदा तास होतात. रोजचे दोन तास. नोकरी सांभाळून हे जमतं. दोन वर्षांत संपवण्याचा हट्ट मात्र नोकरी आणि बाग असलेल्याने धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच वर्षात दुसरी अडचण दडलेली आहे. असाइनमेंटला 30 टक्के वजन असतं आणि त्या द्यायची मुदत साधारण एप्रिलअखेर आणि ऑक्टोबरअखेर येते. एकीकडे पेट्या भरायची घाई, दुसरीकडे भात कापून झोडायची. मुदत कधी पुढे सरकते, पण त्या भरवशावर राहू नका. प्रश्न हाती आले की पहिल्या सहामाहीचं काम शिमग्याच्या आत आणि दुसरीचं गणपतीच्या आत लिहून टाका. जूनची परीक्षा पावसाच्या तोंडावर असते, तेव्हा केंद्र दूर असेल तर आदल्या दिवशीच जाऊन राहा.

लाइट गेली, नेट गेलं

पावसाळ्यात हे होणारच. ‘नेट आल्यावर बसू’ ही यातली खरी चूक. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर तयार केलं, त्याची मोठी सोय अशी की कमिट करायला, म्हणजे बदलाची नोंद आपल्याच लॅपटॉपवर करायला, नेट लागतच नाही. प्रत्येक छोट्या बदलानंतर कमिट करा आणि रेंज आली की पुश करा, म्हणजे त्या नोंदी नेटवरच्या सर्व्हरला पाठवा. मात्र वारा सुटला, आभाळ भरून आलं की पुश आधी करा, कारण लॅपटॉप बिघडला तर न पाठवलेलं सगळं जातं. भाषेचं आणि डेटाबेसचं डॉक्युमेंटेशन, धड्यांचे पीडीएफ मे महिन्यातच उतरवून ठेवा. राउटरला छोटा यूपीएस जोडला तर लाइट गेल्यावरही बऱ्याचदा नेट चालू राहतं. तेही गेलं तर कागद घ्या. सगळ्यात जवळचा रस्ता शोधायचा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम पाच-सहा गावांचा नकाशा काढून, प्रत्येक पायरीला अंतरांचा तक्ता लिहून सोडवला की तो परीक्षेत विसरत नाही.

व्हिडिओंचंही तसंच. तीन तास व्हिडिओ बघितले म्हणजे तीन तास अभ्यास झाला, असं धरू नका. व्हिडिओ बंद करून तोच प्रोग्रॅम कोऱ्या फाइलमध्ये लिहा. अडलात तर तिथूनच अभ्यास सुरू होतो.

कुठल्याही विद्यापीठाची फी भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रम आहे का ते बघा आणि प्रवेशासाठी लागणारा त्या विभागाचा ओळख क्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढून घ्या. परदेशी ऑनलाइन पदवी असेल तर इथल्या समकक्षतेची चौकशी आधी करा.

प्रोजेक्ट

इथे सगळ्यात मोठी चूक होते. ‘लायब्ररी मॅनेजमेंट’चा तयार प्रोजेक्ट कुणाकडून तरी घेतला जातो आणि तोंडी परीक्षेत डेटाबेसमधलं एक टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, का ठेवलं त्याचं कारण सांगता येत नाही. विषय घराच्या पडवीत आहे. मी काकांच्या आंब्याच्या हिशेबाचा प्रोजेक्ट घेतला. पहिल्या आराखड्यात पेटी पाठवतानाच भाव भरायचा रकाना ठेवला होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. काका म्हणाले, ‘‘अरे, पट्टी आली नाय तोवर भाव कुठून सांगू तुला?’’

खरं होतं. पेटी वाशीला जाते, दलाल विकतो, मग हमाली, भाडं असे खर्च वजा करून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, येते. एका गाडीतल्या पाच डझनी पेट्याही दोन वेगळ्या भावांनी जातात. काही पेट्यांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. म्हणजे पाठवणी वेगळी, विक्री वेगळी, वजावट वेगळी आणि उचल वेगळी, अशी चार टेबलं लागतात. रिक्वायरमेंटचा, म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून घेण्याचा, धडा मी दोनदा वाचला होता, पण तो कळला त्या दिवशी.

म्हणून कोड लिहायच्या आधी ज्याचं काम आहे त्याच्या शेजारी बसा, त्याच्या जुन्या वह्या बघा आणि गेल्या हंगामातल्या निदान तीन पट्ट्या तुमच्या टेबलांत हाताने भरून पाहा. एखादा आकडा कुठेच बसला नाही तर टेबल बदला. प्रस्तावाला मंजुरी मिळण्याआधी हे केलं तर एका संध्याकाळचं काम आहे. नंतर केलं तर अख्खा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागतो.