गुडघेदुखीची पुडी आणि ताकदीची गोळी: दुकानातलं औषध घेण्याआधी काय तपासायचं

सांगली-मिरजेत पावलापावलाला मेडिकल आहे. तरीही आठवडी बाजारात, किराणा दुकानात, पानटपरीवर आणि जिमच्या काउंटरवर औषधं मिळतातच. ती सगळी बेकायदेशीर असतात असं नाही. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. त्यामुळे किराणा दुकानदाराने च्यवनप्राश ठेवला तर त्यात गैर काही नाही. ॲलोपॅथीच्या औषधांना मात्र विक्रीचाही परवाना लागतो. ही फट हेरून डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) किंवा स्टेरॉइड कुटून चूर्णात मिसळतात, डबीवर हिरवी पानं छापतात आणि माल 'आयुर्वेदिक' म्हणून खपवतात. म्हणून दुकान कितीही ओळखीचं असलं तरी डबी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, घटकद्रव्यं प्रमाणासह आणि 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द असतात. पत्त्याच्या जागी नुसता मोबाइल नंबर असेल, तर डबी तिथेच परत ठेवा. घटकांच्या यादीत 'दुर्मिळ जडीबुटी' एवढंच लिहिलं असेल, तरीही तेच करा. कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या चूर्णाची तर चौकशीही करू नका, कारण त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात, नपुंसकता बरी करण्याची किंवा उंची वाढवण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. डबीवर असा दावा दिसला की बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

सांधेदुखीच्या पुडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. ऊसतोडीने किंवा द्राक्षबागेतल्या कामाने गुडघे गेलेला माणूस पुडी घेतो आणि त्याच दिवशी ताठ चालायला लागतो. गुग्गुळ किंवा अश्वगंधा असं काही तासांत काम करत नाही. इतक्या लवकर उतार पडला, की आत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं स्टेरॉइड आहे असाच संशय घ्या. पुढच्या काही आठवड्यांत भूक वाढते, झोप उडते, चेहरा गोल आणि फुगीर दिसतो, साखर आणि बीपी चढतं. महिनोन्‌महिने घेतल्यास हाडं ठिसूळ होतात आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. सोबत वेदनाशामक मिसळलेलं असेल तर जठरात व्रण होऊन शौच डांबरासारखी काळी होते आणि मूत्रपिंडावरही ताण येतो. 'अंगावर मांस चढवायच्या' गोळ्यांतही बऱ्याचदा डेक्सामेथासोनच असतं, आणि त्या कॉलेजच्या मुला-मुलींना दिल्या जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं. अशी पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल, तर ती एकदम बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात. पुडी अचानक तोडली की कमालीचा थकवा, उलट्या, चक्कर येते, बीपी आणि साखर घसरते. ताप आला किंवा ऑपरेशन निघालं तर जीवावर बेततं. पुडी, डबी, असेल तर बिल घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा. रोज किती पुड्या, कधीपासून आणि शेवटची कधी घेतली हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर साखर, बीपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम आणि गरज वाटल्यास सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासतील. मग नाव-प्रमाण माहीत असलेलं स्टेरॉइड मोजक्या डोसात सुरू करून ते हळूहळू उतरवतील. सांगलीच्या सिव्हिलमध्येही हे होतं. पुढे वर्षभर कुठल्याही डॉक्टरला ही माहिती आधी द्या, दातांच्या डॉक्टरलाही.

ताकदीच्या, 'पुरुषांसाठीच्या' कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) किंवा त्याच जातीचं टॅडालाफिल मिसळलेलं सापडतं. निरोगी माणसाचं डोकं दुखून भागेल. पण हृदयविकारावर सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्याचं बीपी इतकं खाली जातं की तो शुद्ध हरपून पडतो, दगावतोही. कॅप्सूल घेतल्यावर छातीत दुखलं तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि आलेल्या डॉक्टरला कॅप्सूलचं नाव, घेतल्याची वेळ स्पष्ट सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही, म्हणून लाजेपायी हे लपवायचं नाही. बायकोला माहीत असेल तर तिने सांगावं.

वजन उतरवायच्या कॅप्सूलमधल्या सिब्युट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे. त्याने नाडी आणि बीपी वाढतं, हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

जिममध्ये आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये दुसरीच भीती आहे: मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. हे औषध ऑपरेशन थिएटरमध्ये, पाठीत भूल दिल्यावर पडलेलं बीपी वर आणायला वापरतात. १० मिलीची बाटली हातात आली की पोरं व्यायामाआधी टोचून घेतात. दम लागत नाही, थकवा कळत नाही, पण हृदयाचे ठोके बिघडतात, झोप जाते, संशय आणि भास सुरू होतात आणि सुई सुटत नाही. कुणी विचारलं तर 'व्हिटॅमिन आहे' असं उत्तर मिळतं. मुलाच्या बॅगेत रिकामी बाटली किंवा इन्सुलिनची सुई सापडली तर बाटलीवरचं नाव वाचा, फोटो काढा आणि त्याला रागावण्याआधी डॉक्टरकडे न्या.

प्रोटीन पावडरच्या डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'औषधी वापरासाठी नाही' असे शब्द हवेत. क्रमांक नुसता पाहून थांबू नका. फूड सेफ्टी कनेक्ट ॲपमध्ये तो टाका आणि कंपनीचं नाव डब्यावरच्या नावाशी जुळतं का ते पाहा. गोरेपणाच्या क्रीमबाबतही तेच: आयात केलेल्या डबीवर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर आत पारा असू शकतो. पाऱ्याचं लक्षण चेहऱ्यावर दिसेलच असं नाही. लघवीला फेस येणं आणि पाय सुजणं हेही त्याचं लक्षण असू शकतं.

खरेदीचं बिल मागाच. मेडिकलवाला बिल देताना बॅच नंबर लिहितो. डबीवरच्या नंबराशी तो ताडून बघा. संशय आला तर उरलेला माल फेकू नका. एक डबी न फोडता बाजूला ठेवा आणि लेबलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्या किंवा १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. दुकानाचा पत्ता, तारीख, किंमत, बॅच नंबर एवढं तरी द्या. 'बाजारात विकतात' एवढ्यावर निरीक्षकाला छापा टाकता येत नाही. औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या कलम २६ नुसार फी भरून ग्राहकाला स्वतःही सरकारी विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. औषधाने त्रास झाला असेल तर तो १८००-१८०-३०२४ वर वेगळा नोंदवा, कारण ही नोंद राष्ट्रीय औषध-दक्षता यंत्रणेकडे जाते आणि तिथे आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या पुडीचा त्रासही सांगता येतो.