मिक्सिंग कन्सोल घेताना: अ‍ॅनालॉग की डिजिटल?

लातूर, नांदेड किंवा बीडसारख्या शहरात स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उभारू पाहणारी मुले मिक्सिंग कन्सोलबद्दल, म्हणजे अनेक माइकचे आवाज एकत्र आणून प्रत्येकाची पातळी ठरवणाऱ्या यंत्राबद्दल, सल्ल्याला येतात (आवाज विजेच्या लहरींच्या रूपातच हाताळतो तो अ‍ॅनालॉग, आकड्यांत बदलून हाताळतो तो डिजिटल), तेव्हा ‘अ‍ॅनालॉगचा आवाज जास्त गोड असतो का?’ हाच प्रश्न बहुधा आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. एका वेळी किती जण गाणार-वाजवणार, प्रत्येकाचा आवाज संगणकात स्वतंत्र ट्रॅकवर जाणार का, आणि ग्राहक महिन्याभराने दुरुस्ती घेऊन आला तर तेच मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांचा जुळवलेला मेळ, पुन्हा उभे करता येईल का, हे आधी ठरवावे लागते.

आपल्याकडे भजनी मंडळे, भारुडे आणि गोंधळाची पदे यांचे काम बरेच असते. मंडळी एकमेकांकडे पाहत वाजवतात. त्यांना एकेकटे बसवून रेकॉर्ड केले की लय सैल पडते. एकट्या पखवाजालाच मी दोन माइक लावतो, कारण शाईच्या पुडीचा कडकपणा आणि कणीक लावलेल्या पुडीचा खर्ज एका माइकमध्ये नीट सामावत नाही. त्यात गायक, पेटी, टाळ आणि मागे धरणारे मिळवले की आठ-दहा चॅनेल, म्हणजे माइकगणिक स्वतंत्र वाटा, सहज लागतात. इथेच स्वस्त अ‍ॅनालॉग मिक्सर (लहान कन्सोल) घेणारे फसतात. उदाहरणार्थ, यामाहाच्या एमजी१६एक्सयूवर सोळा चॅनेल दिसतात, पण यूएसबीमधून संगणकात सगळ्यांचे एकत्र मिसळून दोनच जातात. म्हणजे पखवाज जास्त झाला तर तो नंतर वेगळा कमी करता येत नाही. साउंडक्राफ्टच्या सिग्नेचर एमटीके मालिकेसारखे सगळे चॅनेल वेगवेगळे पाठवणारे अ‍ॅनालॉग मिक्सरही मिळतात. बेहरिंगरच्या एक्स३२ या डिजिटल कन्सोलमधून ३२ चॅनेल एकाच यूएसबी केबलने संगणकात जातात आणि तितकेच परतही येतात.

मिक्समधल्या दुरुस्तीचा प्रश्न याहून मोठा आहे. एसएसएल या कंपनीच्या ४००० मालिकेतले नामांकित अ‍ॅनालॉग कन्सोलही बटणांच्या जुन्या जागा पडद्यावर फक्त दाखवत. बटणे फिरवावी लागत ती हातानेच. १९९५ साली आलेल्या यामाहा ०२आर या डिजिटल कन्सोलमध्ये मात्र जतन केलेला सीन (सगळ्या मांडणीची साठवलेली नोंद) उघडला की मोटरवरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळा, आपोआप जागेवर येत. नवरात्राच्या तोंडावर देवीच्या पदांची कामे एकावर एक येतात आणि सकाळच्या मंडळाला संध्याकाळी ‘तुणतुणं जरा वर घ्या’ असे सुचते, तेव्हा या सोयीचे मोल कळते.

गोडव्याबद्दल एवढेच सांगतो की, नीव्हसारख्या कंपन्यांच्या मोठ्या कन्सोलचा जो रंग वाखाणला जातो, त्यात ट्रान्सफॉर्मर आणि एकूण सर्किटच्या रचनेचा मोठा वाटा असतो, आणि बाजारातल्या साध्या मिक्सरमध्ये ते ट्रान्सफॉर्मर नसतात. केवळ ‘अ‍ॅनालॉग’ या शब्दासाठी पैसे मोजू नयेत. (खोली घुमत असेल तर कोणताही कन्सोल ती सुधारत नाही.) डिजिटलमध्ये मात्र शून्य डेसिबलची मर्यादा ओलांडली की आवाज फाटतोच, म्हणून सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवून पखवाजाच्या थापेला जागा सोडावी.

तरीही शिकायला सुरुवात अ‍ॅनालॉगवरच करावी, असे मी आग्रहाने सांगतो. एक बटण, एक काम. माइकपासून स्पीकरपर्यंतची आवाजाची वाट डोळ्यांसमोर असते. एखाद्या साउंडवाल्याबरोबर एक लग्नसराई काढली तर गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा), ऑक्स (आवाज दुसरीकडे पाठवायची जादा वाट) आणि इन्सर्ट (चॅनेलच्या मध्येच बाहेरचे उपकरण जोडायची जागा) हाताला असे बसतात की पुढे डिजिटल कन्सोलच्या पडद्यामागे दडलेले लेयर, म्हणजे त्याच फेडरवर आळीपाळीने येणारे चॅनेलचे गट, गोंधळात टाकत नाहीत.

खरेदी मात्र डिजिटलची करावी. आणि एका वेळी एकच गायक रेकॉर्ड करायचा असेल तर कन्सोल न घेता चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी छोटी पेटी) पुरतो. डिजिटल घेणाऱ्याने यूपीएस आणि अर्थिंगचा खर्च त्याच हिशेबात धरावा, कारण वीज गेली की कन्सोल बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत रंगलेली मैफल थंडावते. यंत्र बिघडले तर दुरुस्तीला अ‍ॅनालॉग सोपा: उन्हाळ्यातल्या धुळीने खरखरणारा फेडर गावातला कारागीरही साफ करून देतो, तर डिजिटलचा बोर्ड बिघडला की तो बहुधा पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो. त्यामुळे कंपनीची सेवा जवळ कुठे मिळते, हे पैसे देण्याआधीच विचारावे. जुना कन्सोल घ्यायचा असेल, तर हेडफोन लावून प्रत्येक फेडर सावकाश वर-खाली करावा आणि प्रत्येक चॅनेलवर कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा तसा माइक जोडूनच तपासावा.