पिलबारातील खाणीनंतर: वरच्या मातीतले बी सांभाळताना

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा या लोहखनिजाच्या रखरखीत प्रदेशात स्थानिक झाडोरा परत आणायचा असेल, तर खोदाईपूर्वी वरची माती कोरडी असतानाच वेगळी काढावी. जिवंत बी बहुतांशी वरच्या ५ ते १० सेंटिमीटरांतच असते आणि खोल खरवडल्यास ते खालच्या निकस मातीत हरवून जाते. ही माती शक्यतो लगेच, झाडोरा परत आणण्यासाठी तयार केलेल्या उतारावर पसरावी. ढीग लावावाच लागला, तर तो २ मीटरांहून उंच नसावा. तिथल्या बाभळींचे बी कठीण कवचाचे असल्याने ते गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मगच पेरावे. खरी काळजी स्पिनिफेक्स गवताची करावी, कारण मातीच्या साठ्यात त्याचे बी फारच थोडे सापडते. ते बाहेरून गोळा करून उन्हाळी पावसाच्या तोंडावर पेरावे लागते. गोळा केलेली मूठभर तुसे तळहातावर चोळून आत बी आहे का ते पाहावे: बरीचशी पोकळच निघतात.