मोबदला अडतो तो वारस नोंदीपाशी

मराठवाड्यात रेल्वे-रस्त्यासाठीचं भूसंपादन दरापेक्षा सातबाऱ्यावर जास्त अडतं. आजोबा वारले, फेरफार, म्हणजे वारसांची नावं चढवणं, झालाच नाही. आता सह्या हव्यात सात वारसांच्या, एक पुण्यात, बहीण सासरी. म्हणून आम्ही मोजणीआधीच तलाठ्यासोबत चावडीवर बसून वारस नोंदी लावून घेतल्या. इनामी (पूर्वी इनाम म्हणून दिलेल्या) आणि वर्ग 2 च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनींची यादी वेगळी केली, त्यांना वेळ जास्त लागतो. संयुक्त मोजणीत विहीर, मोसंबीची झाडं शेतकऱ्यासमोर मोजून त्याच दिवशी पंचनाम्यावर सही घेतली. जमिनीखालची पाइपलाइन मोजणीतून हमखास सुटते. तिथं वॉल्व्ह उघडून पाणी सोडून बघावं. 2013 च्या भूसंपादन कायद्यानं संपादनाच्या घोषणेपासून 12 महिन्यांत मोबदल्याचा निवाडा झाला नाही आणि सरकारनं मुदतही वाढवली नाही, तर प्रक्रिया रद्द होते.