डेटटाइमचा उपवर्ग करताना माग क्रमांक जातो कुठे?

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यासाठी माग बंद पडल्याच्या नोंदी ठेवणारा पायथन प्रोग्राम लिहिताना, प्रत्येक वेळेसोबत माग क्रमांकही हवा म्हणून मी डेटटाइमचा, म्हणजे तारीख व वेळ ठेवणाऱ्या पायथनच्या तयार वर्गाचा (क्लासचा), उपवर्ग, म्हणजे त्यावर आधारलेला नवा वर्ग, करून त्याला ‘मागवेळ’ असे नाव दिले. असे करायचेच असेल, तर पुढील गोष्टी आधी तपासून घ्याव्यात.

डेटटाइमची वस्तू ‘न्यू’ (__new__) या पद्धतीत घडते. जादा माहिती केवळ ‘इनिट’मध्ये (__init__), म्हणजे वस्तू घडल्यावर चालणाऱ्या पद्धतीत घेतली, तर मूळ ‘न्यू’ अनोळखी नाव पाहून टाइपएरर ही चूक देते आणि ‘इनिट’ची पाळी येतच नाही. त्यामुळे ‘न्यू’ स्वतः लिहावी, वर्ष, महिना, दिवस हा क्रम जसाच्या तसा ठेवावा आणि माग क्रमांक शेवटी, नावानेच देता येईल असा ठेवावा.

खरी गोम बेरजेत आहे. रात्री 10:40 ला 17 क्रमांकाचा माग बंद पडला आणि त्या वेळेत आठ तासांचा टाइमडेल्टा (पायथनमधील कालावधीची वस्तू) मिळवला, तर पायथन 3.7 पर्यंत उत्तर साधा डेटटाइम येई. माग क्रमांक विचारताच प्रोग्राम कोसळे व चूक लगेच सापडे. 3.8 पासून उत्तर ‘मागवेळ’च येते, मात्र ते घडवताना पायथन आपल्या वर्गाला फक्त तारीख, वेळ व वेळक्षेत्र देतो, त्यामुळे माग क्रमांकाच्या जागी त्याचे ठरलेले मूल्य, म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये ‘नन’ (None, ‘काहीच नाही’), येऊन बसते आणि कोणतीही तक्रार होत नाही. माझ्या मते हे कोसळण्यापेक्षा वाईट आहे. बेरीज करणारी ‘ॲड’ (__add__) पद्धत स्वतः लिहून क्रमांक पुढे नेता येतो, पण टाइमडेल्टा डावीकडे असला की ‘आरॲड’ (__radd__) वापरली जाते. म्हणून तीही लिहावी लागते, आणि वजाबाकी व वेळेचा एखादा भाग बदलून देणारी ‘रिप्लेस’ यांचेही तेच. पिकल करताना (वस्तू फाइलमध्ये साठवण्याजोगी करताना) किंवा प्रत काढताना क्रमांक टिकवायचा असेल, तर ‘रिड्यूस-एक्स’ (__reduce_ex__) या पद्धतीचीही भर घालावी लागते.

मला सर्वांत महाग पडली ती तुलना. दोन मागांची बंद पडण्याची नोंदलेली वेळ अगदी एकच असली, तर त्यांच्या ‘मागवेळ’ समान ठरतात, कारण समानता व हॅश (वस्तू ओळखण्यासाठी काढलेला आकडा) फक्त वेळ पाहतात. समान वस्तू एकदाच ठेवणाऱ्या सेटमध्ये नोंदी टाकल्या तेव्हा त्यांतली एक गळाली, आणि जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) वहीशी ताळा जुळेना तेव्हा ते लक्षात आले.

अखेर मी तो उपवर्ग काढून टाकला. आता ‘मागनोंद’ हा साधा डेटाक्लास, म्हणजे फक्त माहितीची क्षेत्रे ठेवणारा वर्ग, आहे. त्यात माग क्रमांक हे एक क्षेत्र आणि डेटटाइम हे दुसरे. बेरीज लागली तर ती वेळेच्या क्षेत्रावर करावी आणि नवी नोंद क्रमांकासह घडवावी.