कोकणातलं घर आणि आगीचे नियम : या चुका टाळा

रत्नागिरीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट, गुहागरकडे वडिलोपार्जित कौलारू घर आणि त्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत मे महिन्यात पैसे देऊन राहणारे पाहुणे. एकाच माणसाकडे हे सगळं असू शकतं. आगीच्या नियमांच्या हिशेबात मात्र ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. "आमच्या घराला कसला फायरचा नियम?" असं विचारणारा माणूस आपल्या घराकडे बघत असतो. नियम आधी दोन गोष्टी विचारतो : इमारत किती उंच आहे आणि तिचा वापर कशासाठी होतो. पुढच्या बहुतेक चुका हे दोन प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

सोसायटीत : "बिल्डरने एनओसी घेतलीय ना!"

घेतली असेल, पण ती इमारत उभी राहतानाची झाली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आग विझवण्याची साधनं बसवायची आणि चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकतो. ताबा सोसायटीकडे आला की बिल्डरचं नाव पुढे करून भागत नाही. ज्या इमारतीत ही यंत्रणा बसवलेली आहे, तिथे परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. वार्षिक सभेत लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीवर तासभर वाद होतो. फॉर्म बी कुठे आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

कागद मिळाला तरी तेवढ्यावर थांबू नका. किनाऱ्यावरची खारी हवा व्हॉल्व्हचं चाक असं धरून ठेवते की ऐन वेळी ते दोन माणसांनाही फिरत नाही. पंप ऑटोवर आहे का, टाकीत पाणी आहे का, होजरील (भिंतीवरच्या चाकावर गुंडाळलेला पाइप) उघडतो का, हे कमिटीने स्वतः उभं राहून बघावं. फायर एक्स्टिंग्विशरवर नवं स्टिकर आणि तळाला गंज, हे दृश्य आपल्याकडे दुर्मीळ नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, तेही बघा.

"आमची इमारत छोटी, आम्हाला काही लागू नाही" हा अंदाज मजले मोजून बांधू नका. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत आगीच्या दृष्टीने १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत उंच धरली आहे. राज्याच्या बांधकाम नियमावलीतले टप्पे वेगळे आहेत. मंजूर नकाशा आणि अग्निशमनची एनओसी काढून त्यात काय काय मागितलंय ते वाचणं जास्त खात्रीचं. जिन्यातले चपलांचे स्टँड, गच्चीच्या दाराचं कुलूप आणि खिडक्यांना न उघडणाऱ्या लोखंडी जाळ्या यांसाठी कुठला नकाशा बघायची गरज नाही. जाळीला आतून उघडणारं एक दार करून घ्या.

घरात पाहुणे ठेवता? मग ते नुसतं घर उरत नाही

कोकणात सर्वात जास्त घोळ इथे आहे. घरपट्टीची पावती, आठ अ उतारा आणि वीजबिल एवढ्या भांडवलावर कित्येक ठिकाणी होमस्टे चालतो. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम किंवा त्याचा वापर मंजूर होत नाही. इमारत संहितेतही एका कुटुंबाचं खासगी घर आणि लोकांना भाड्याने उतरवण्याची जागा हे वेगवेगळे प्रकार आहेत. पर्यटन विभागाच्या न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करा, आणि स्थानिक संस्थेला 'या वापरासाठी आगीच्या बाबतीत काय लागेल' असं लेखी विचारा. तोंडी उत्तर अपघातानंतर कुणाला आठवत नाही.

पाहुण्यांच्या माशांच्या थाळ्या घरगुती सिलिंडरवर करणं बेकायदा आहे. १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरता. व्यवसायाला १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. विम्याचंही तेच. १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. पाहुणे ठेवत असाल तर विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवा.

आणि मागचं दार. घरच्यांना अंधारातही कडी सापडते. पुण्याहून काल आलेल्या माणसाला मागे दार आहे हेच ठाऊक नसतं. खोली दाखवताना तेही दाखवा, आणि रात्री त्याला कुलूप घालू नका.

स्वयंपाकघर

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो. त्यामुळे सिलिंडर उभाच हवा, खोलगट जागेत किंवा बंद कपाटात नको, आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. जुन्या घरात एका कोपऱ्यात चूल आणि शेजारी गॅस असतो. चूल पेटती ठेवायचीच असेल तर सिलिंडर दुसरीकडे हलवा. आयएसआय मार्कची सुरक्षा होज पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर घेताना कड्याजवळच्या पट्टीवरचं अक्षर वाचा : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. ती चाचणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा. वास आला तर कुठलंही बटण चालू-बंद करू नका, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

बंद घर आणि गणपती

वर्षभर बंद असलेलं घर चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडतं. माळ्यावर उंदरांनी वायर कुरतडलेली असते, आणि त्याच वायरिंगवर मिक्सर, गिझर, पंप आणि मखराच्या माळा एकदम सुरू होतात. माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीखाली, समई, मागे पडदा. वायरमनला निदान आठवडाभर आधी बोलवा. माणूस परवानाधारक हवा. महावितरणला चाचणी अहवाल लागतो तेव्हा परवानाधारक विद्युत ठेकेदाराचीच सही चालते.

पावसात हमखास येणारी तक्रार : "ट्रिप होतंय, राहत नाही." यावर कुणीतरी बोर्डावरचा आरसीसीबी हा सुरक्षा स्विच बायपास करून देतो आणि घर खूश होतं. यासारखी दुसरी घोडचूक नाही. एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट बघतो. जमिनीकडे गळणारी वीज पकडायचं काम आरसीसीबीचं. माणसाच्या संरक्षणासाठी तो ३० मिलिअँपिअरचा लागतो.

दोष शोधायचा असा : सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पडेल त्या लाइनीत दोष. बहुतेकदा अंगणातला दिवा, विहिरीवरचा पंप नाहीतर गिझर निघतो. सगळे खाली असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला चिकटलेला असू शकतो, किंवा आरसीसीबीच बिघडलाय. तिथे आपण थांबायचं, पुढचं काम वायरमनचं. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही तर तो बदला.

जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी घालत राहायला हवं.

पडवीतलं पेट्रोल

होडीच्या इंजिनासाठी कॅन भरून ठेवतात. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं. ही मर्यादा परवान्यापुरती आहे. तेवढं पेट्रोल इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवणं शहाणपणाचं आहे असं कायदा म्हणत नाही.

वणवा

आंबा-काजूच्या बागेत मार्चमध्ये धूर दिसल्यावर कोयता शोधत फिरण्यात अर्थ नाही. घराभोवतीचं गवत वाळलं की जानेवारीतच काढा, जाळरेषा, म्हणजे आग अडवणारी पट्टी, मोकळी करा. पेंढ्याची उडवी, नारळाची सोडणं आणि चुडतं (सुकलेल्या झावळ्या) भिंतीला टेकून रचू नका. भाजावळीला, म्हणजे शेत भाजायला, वारा पडलेला असताना, पाणी आणि माणसं जवळ ठेवूनच आग लावा. राखीव जंगलात आग गेली तर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा होतो, आणि निष्काळजीपणे आग हाताळून कुणाच्या जिवाला धोका आणला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहे.

बंब बोलावताना

१०१ किंवा ११२. जवळच्या नगरपरिषदेच्या किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबरही दारामागे लिहून ठेवा. "आमचं घर देवळाच्या मागे" हा पत्ता बंबाच्या चालकाला पुरत नाही. गाव, वाडी, डांबरी रस्ता कुठे संपतो आणि पाखाडी (दगडी पायऱ्यांची पायवाट) कुठून सुरू होते ते सांगा, कारण बंब पाखाडीच्या तोंडाशी थांबणार. तिथून घरापर्यंत पाइप पोचणार नसेल तर विहिरीवरचा पंप हाच तुमचा बंब. आगीत घरातली वीज बंद करावी लागते, म्हणून त्या पंपाची लाइन मेन बोर्डावर वेगळी काढून घ्या, आणि पडवीच्या टोकापर्यंत पोचेल एवढा पाइप पंपाजवळ गुंडाळून ठेवा.