संयुक्त राष्ट्रसंघ मुलांना कसा शिकवावा

वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या परिसरात मराठी मुलांचा अभ्यासवर्ग घेताना संयुक्त राष्ट्रसंघाचा पाठ सहा अंगांच्या यादीने सुरू करू नये. ती यादी मुले पाठ करतात आणि परीक्षा संपताच विसरतात. सुरुवात करावी ती १९२० साली स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाच्या, म्हणजे आधीच्या 'लीग ऑफ नेशन्स'च्या, अपयशापासून. तेथे महत्त्वाच्या निर्णयांना सर्वांची संमती लागे, अमेरिका तर सभासदच झाली नाही आणि १९३१ मध्ये मांचुरियावर जपानने, १९३५ मध्ये अबिसीनियावर (आजच्या इथिओपियावर) इटलीने केलेले आक्रमण त्याला रोखता आले नाही. नकाशावर ही ठिकाणे दाखवली, की नवी संस्था का हवी होती, हे फारसे सांगावे लागत नाही.

पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेकडे, म्हणजे त्याच्या स्थापनेच्या कराराकडे, वळावे. २६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ५० देशांनी तिच्यावर सह्या केल्या आणि २४ ऑक्टोबरला ती अमलात आली. भारताच्या वतीने सही करणाऱ्या दोघांपैकी व्ही. टी. कृष्णम्माचारी हे १९४४ पर्यंत बडोदा संस्थानचे दिवाण होते, हे मुलांना आवर्जून सांगावे. देश अजून पारतंत्र्यात असतानाही संस्थापक सभासदांत होता, ही गोष्ट त्यांना विचार करायला लावते.

सनदेचे पहिले कलम वर्गात मोठ्याने वाचावे: शांतता व सुरक्षितता राखणे, समान हक्क आणि स्वयंनिर्णय यांच्या पायावर राष्ट्रांत मैत्री वाढवणे, आर्थिक, सामाजिक व मानवतावादी प्रश्नांवर सहकार्य करणे आणि या प्रयत्नांचे केंद्र होणे. त्याला लागूनच सुरक्षा परिषदेतील अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स आणि चीन या पाच राष्ट्रांचा नकाराधिकार, म्हणजे एकट्याने ठराव अडवण्याचा हक्क, समजावून द्यावा. बडी राष्ट्रे बाहेर राहिली तर काय होते, हे आधीच्या राष्ट्रसंघाने दाखवले होते, म्हणून ही तडजोड झाली; तिची किंमत मात्र मुलांपासून लपवू नये. 'शांतिसेना' हा शब्द सनदेत नाही, हेही सांगावे. १९४८ मध्ये पश्चिम आशियात युद्धबंदीवर देखरेख ठेवणारे निरीक्षक गेले, तर पहिले सशस्त्र दल १९५६ च्या सुएझ संकटात उभे राहिले.

शेवटच्या तासाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगातील भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांच्याकडे यावे. त्या पुढे आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमातील 'मेन' (men) या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'पुरुष' असाही होत होता. त्याऐवजी 'सर्व मानव' असा अर्थ देणारा शब्द यावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि १० डिसेंबर १९४८ रोजी संमत झालेल्या जाहीरनाम्यात तोच आहे. मसुद्यातील आणि जाहीरनाम्यातील अशी दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहून मुला-मुलींकडून वाचून घ्यावीत आणि कोणत्या वाक्यात आपण आहोत, असे त्यांना विचारावे.